सर्व्हिसची वही

ओम्नी बघायला गडहिंग्लजला गेलो,
तर दस्तगीर मेस्त्रीनं गाडी बघितलीच नाही.
पुढची सीट उचलली, इंजिनवर तळवा ठेवला
आणि म्हणाला, "गरम करून ठेवलाय की, हुद्दारसाहेब.
परवा येतो सकाळी. तोवर चावी लावू नकासा."

म्हणजे पुन्हा बस.
हद्दीपर्यंत मला फुकट, पुढं अर्धं तिकीट,
मेस्त्रीचं दोन्हीकडं पूर्ण.

परवा ती तिसऱ्या हेलपाट्याला उठली,
निळसर धूर सोडला, खोकली,
मग लागली बोलायला.
दस्तगीरनं रुमालातनं लोहचुंबक काढलं,
डाव्या दारावर फिरवलं. चिकटेना.
"पत्रा कुठाय हितं? पुट्टीच पुट्टी. इडली थापल्यागत."
हुद्दार खाली बघत राहिले.
साठ म्हणत होते, अठ्ठेचाळीसला आले.

भिशीचे पस्तीस, लूना विकली त्याचे सहा,
उरलेले सात दिवाळीनंतर, असं ठरलं.
त्यांनी कागद दिले, जादा चाक दिलं,
आणि सीटखालची एक वही,
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली.
"ही पण गाडीचीच," म्हणाले.

अठ्ठ्याण्णव सालची. जन्म चिकोडीचा,
मग नंबर कोल्हापूरचा, आता बेळगावचा होणार.
दोनदा हद्द ओलांडली, दोनदा टॅक्स भरला,
प्रत्येक वेळी वर एक ना हरकत.
आरटीओतल्या साहेबांनी कागद उलटेपालटे केले,
"इदु यावूर गाडी?"
मी म्हटलं, "इल्लीदे री.
मध्ये पाहुण्यांकडं राहून आली."
ते हसले नाहीत. शिक्का मात्र मारला.

वहीत मागची पानं हुद्दारांची,
रेघ मारून, पैसे न् पैसे:
फॅनबेल्ट, वायपर, चाक पंक्चर नेसरीच्या उतारावर.
पुढची पानं कानडीत. आकडेसुद्धा कानडी.
मला अक्षरं वाचता येतात, घाईतलं हस्ताक्षर नाही.
दस्तगीर गाडीखालनं बाहेर आला,
ग्रीसचं बोट ओळीखाली धरून वाचू लागला:

"प्लग तीन. ब्रेक ऑइल.
सावक्का, हुक्केरी ते चिकोडी. पैसे घेतले नाहीत."
पुढच्या गुरुवारी, "सावक्का. पैसे नाहीत."
त्याच्या पुढच्या गुरुवारी नुसतं "सावक्का."
दोन वर्षं. मध्ये टायर बदलले, बॅटरी गेली,
काच फुटली, सावक्का होतीच.
मग एका पानावर फक्त तारीख.
खाली कोरी जागा, चार बोटं.
आणि मग, "क्लच प्लेट, साडेसहाशे."

"कोण असंल हो मेस्त्री ही?"
"नोड्री वैनी, क्लच बदलला ते लिवलंय.
बाकीचं लिवलं नाही."
आणि तो परत गाडीखाली गेला.
थोडा वेळ पान्याचा आवाज आला नाही.

आता वहीत माझं अक्षर आहे.
रेडिएटर झाळला, दोनशे.
सायलेन्सरला वेल्डिंग, गांधीनगर, ऐंशी.
पावसात डिस्ट्रिब्यूटरला प्लास्टिक बांधलं, फुकट.
हुद्दारांचे सात पोचते केले.
तिसऱ्या रेल्वे गेटला बंद पडली, फौंड्रीतल्या पोरांनी ढकलली,
त्या दिवशी प्रत्येकाला एक चपाती जास्त,
तेही लिहिलंय. खर्चच आहे तो.

गाडी घेतली तर मन रमेल, असं बहिणीला वाटलं होतं.
रमायला सवड कुठली!
पहाटे साडेचारला कुकर, साताला चोक ओढायचा,
बेचाळीस डबे, मागचं दार ओढणीनं बांधून.

गुरुवारी शहापुरातनं निघताना
शेजारच्या सीटकडं बघते कधीकधी.
रिकामी नसतेच ती.
सांबाराचं पातेलं असतं तिथं, झाकणावर पाटा.
खाली इंजिन.
उद्यमबागला पोचेपर्यंत
सांबार गरम राहतं.